परत आलेल्याचें मत

परदेशांत बरींच वर्षें काढून घरीं परतलेल्या मनुष्यापाशीं दोन गोष्टी हमखास असतात. एक, आप्तांसाठीं आणलेल्या भेटींची पेटी. दुसरी, स्वदेशाविषयींचें मत. पेटी दोन दिवसांत रिकामी होते. मत मात्र परतीच्या विमानांत पाऊल ठेवीपर्यंत संपत नाहीं. रस्ते, रेल्वे, नळाचें पाणी, पुढारी, शेजारी, कोणताहि विषय निघो, तें तयारच असतें. मराठी भाषेंत 'मत' ह्या एकाच शब्दानें दोन निराळ्या वस्तूंचा बोध होतो. मनांत असतें तेंहि मत आणि मतदानाच्या यंत्रावरील कळ दाबून दिलें जातें तेंहि मतच. पहिलें मत आरामखुर्चींत बसून देतां येतें. दुसऱ्यासाठीं रांगेंत उभें राहावें लागतें. ह्या दोहोंत अंतर किती, आणि तें कमी करतां येतें काय, ह्याचा विचार करण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हीं तीन गांवें त्यास पुरेशीं आहेत.

ह्या गांवांना माणसें दूर पाठविण्याची संवय जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढच्याच वर्षींच्या मे महिन्यांत रूळ कल्याणपर्यंत गेले. त्यानंतर अकरा वर्षांनीं, ३१ मार्च १८६५ रोजीं, कल्याणांत एक मुलगी जन्मास आली. तिचें माहेरचें नांव यमुना. जगाला ती डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्या नांवानें ठाऊक आहे. १८८३ सालीं, कोणी नातलग बरोबर नसतांना, त्या कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या. १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली होती. ती स्वीकारण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, क्षयानें पुण्यास त्यांचा अंत झाला. तेव्हां वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

आनंदीबाई परत आल्या त्या अभिप्राय देण्यासाठीं नव्हे, काम करण्यासाठीं. 'मत' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ तर त्या काळीं स्त्रियांच्या वांट्यास आलेलाच नव्हता. मुंबई इलाख्यांत कायदे कौन्सिलाच्या निवडणुकीसाठीं स्त्रियांना मताधिकार मिळावयास १९२१ साल उजाडावें लागलें. आज त्यांच्या जन्मगांवच्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेंत १२२ जागा आहेत, आणि महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें त्यांतील निम्म्या, म्हणजे ६१, स्त्रियांसाठीं राखून ठेवलेल्या आहेत. एवढें अंतर ह्या भूमीनें तोडलें आहे, हें तिच्याविषयीं कांहींहि कठोर बोलण्यापूर्वीं लक्षांत ठेवणें न्यायाचें होईल.

आतां अलीकडचा परदेशस्थ पाहावा. तो कोणी एक विशिष्ट गृहस्थ नव्हे. कल्पनेनेंच तो डोळ्यांपुढें आणावयाचा आहे. पण त्याच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि बहुतेक श्रोत्यांच्या नात्यांत एखादा तरी सांपडेल. १९९८ च्या सुमारास, ऐन पंचविशींत, तो संगणकाच्या कामासाठीं अमेरिकेस गेला. इसवी सन २००० लागतांच जुने संगणक वर्षाची गणना चुकतील ह्या धास्तीनें त्या दिवसांत तिकडे जाणत्या माणसांस मोठी मागणी होती. दोन वर्षांसाठीं म्हणून गेलेला हा गृहस्थ तेथेंच राहिला. मुलें तेथेंच वाढलीं. पुढें त्यानें तेथील नागरिकत्वहि घेतलें. आई होती तोंपर्यंत दोन-तीन वर्षांनीं आठवडाभर येऊन जाई; परंतु तो आठवडा आईच्या खाटेशेजारींच संपे, गांव पाहावयास सवड नसे. आई गेल्यावर येणेंहि थांबलें. २०२६ च्या जानेवारींत, महानगरपालिकांच्या निवडणुका आटोपल्यावर, तो एक महिन्यासाठीं डोंबिवलीच्या जुन्या घरीं येऊन उतरतो. घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीस लिफ्ट नाहीं. त्या घराचें पुढें काय करावयाचें, हें ठरविण्यासाठीं तो आलेला असतो.

पहिले कांहीं दिवस तो हरवल्यासारखा हिंडतो. ठाण्यांत घोडबंदरच्या रस्त्याला दुतर्फा उंच उंच इमारती उभ्या आहेत आणि मधोमध मेट्रोचे खांब. वागळे इस्टेटींत जेथें यंत्रांची घरघर ऐकूं येई, तेथें कांचेच्या भिंतींचीं कार्यालयें झालीं आहेत. ठाण्याहून दिव्यापर्यंत रूळांच्या आणखी दोन जोड्या पडल्या असून २०२२ च्या फेब्रुवारींत त्या वाहतुकीस खुल्या झाल्या. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरांत काढून टाकण्यांत आला आणि २०२१ च्या जानेवारींत त्या जागीं नवा पूल आला. डोंबिवलीच्या पश्चिमेस मोठागांवाहून माणकोलीकडे खाडी ओलांडून जातां येतें. शाळेंत ज्या ठाणें जिल्ह्याचा नकाशा त्यानें काढला, तो जिल्हाहि आतां तेवढा राहिला नाहीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्यांतून पालघर निराळा झाला.

फडके रस्ता तेथेंच आहे, गणपतीचें देऊळहि तेथेंच आहे, तेव्हां त्याच्या जिवांत जीव येतो. पण तेथेंहि एक आश्चर्य त्याची वाट पाहत असतें. गुढीपाडव्यास येथून नववर्षाची शोभायात्रा निघते, आणि लोक तिच्याविषयीं एखाद्या पिढीजात चालीप्रमाणें बोलतात. ती चाल १९९९ सालीं सुरू झाली. म्हणजे हा गेला त्याच्या पुढच्याच वर्षीं. डोंबिवलीचें पाहून पुढें ठिकठिकाणीं अशा यात्रा निघूं लागल्या. आपल्या पाठीमागें गांव केवळ मोडलें किंवा वाढलें एवढेंच नव्हे, तर आपणांस न विचारतां त्यानें नव्या परंपराहि निर्माण केल्या, हें परत आलेल्याला जरा झोंबतें. आपण गेलों तेव्हांपासून गांव थांबून राहिलें असावें, अशी त्याची एक भाबडी समजूत असते.

ह्यानंतर तक्रारींस आरंभ होतो, आणि त्या खोट्या नसतात. सकाळच्या गाडींत चढण्याचा यत्न करून तो दोनदां माघारीं फिरतो. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर, विरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि त्यांतील कांहींचे प्राण गेले, हें त्यानें तिकडे बसून वाचलें होतें. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं आणि पुन्हां २३ मे २०२४ रोजीं रसायनांच्या कारखान्यांत भयंकर स्फोट होऊन मनुष्यहानि झाली, हेंहि त्याला ठाऊक असतें. दुसऱ्या स्फोटाच्या अवघे तीन दिवस आधीं, २० मे रोजीं, येथें लोकसभेचें मतदान झालें होतें. मत देऊन आलेल्यांच्या बोटावरची शाई तेव्हां तशीच होती. आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें डोंबिवली परिसरांतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. पालिकेच्या परवानगीचे बनावट कागद करून त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांतील घरांसाठीं जन्माची पुंजी घालून आणि कर्ज काढून बसलेलीं कुटुंबें हजारोंनीं मोजावीं लागतात.

त्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहतात. रेल्वेच्या कचेरींतून निवृत्त झालेले. हा त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. एके संध्याकाळीं तो त्यांच्यापुढें सगळा पाढा वाचतो आणि शेवटीं विचारतो, "काका, हें सारें डोळ्यांदेखत होत असतां तुम्हीं लोकांनीं केलें तरी काय?"

काका रागावत नाहींत. ते म्हणतात, "अरे, तूं हें वाचलेंस आणि हळहळलास. आम्हीं वाचलें, हळहळलों, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गाडीला गेलों. आणि विचारावयाचें म्हणतोस, तर कोणाला? विचारावयाला नगरसेवकच नव्हता."

काकांचें हें बोलणें अक्षरशः खरें आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची आधींची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ रोजीं झाली. त्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरांत संपली आणि त्यानंतर पांच वर्षांहून अधिक काळ सारा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. ठाण्याची मागील निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारींतली. तेथेंहि २०२२ च्या मार्चपासून प्रशासकच होता. आरंभीं साथीच्या रोगाचें कारण होतें. पुढें इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत अडकला. अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिला, मागाहून ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घालून दिली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजीं मतदान झालें. २०१५ सालीं जो मुलगा पहिलींत होता, तो पुढची निवडणूक येईपर्यंत मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळा झाला. एवढ्या वर्षांत शहरांत इमारती थांबल्या नाहींत, गर्दी थांबली नाहीं. थांबला तो केवळ प्रश्न विचारण्याचा नेहमींचा मार्ग.

"मग या वेळीं तरी सगळ्यांनीं धांवत जाऊन मत दिलें असेल?" परदेशस्थ विचारतो.

"मीं दिलें. गुडघे धरून उतरलों आणि दिलें. बहुतेक प्रभागांत एकेकाला चार मतें होतीं. चार कळा दाबेपर्यंत मागची रांग कुरकुरत होती. ज्या नांवाचा एकच पक्ष तूं ओळखत होतास, त्या नांवाचे आतां दोन झाले आहेत. तेव्हां चिन्ह नीट पाहावें लागतें. कांहीं जागांवर तर उमेदवार आधींच बिनविरोध ठरले, तेथें लोकांना कळ दाबावयाचें कारणच उरलें नाहीं. आणि समोरच्या नव्या इमारतींतील तरुण मंडळी सुटी मिळाली म्हणून लोणावळ्यास गेली. तीं परत आलीं तेव्हां त्यांचींहि मतें तुझ्यासारखींच पक्कीं होतीं. दिलेलें मात्र एकहि नव्हतें."

काका हें विनोदानें बोलतात, पण ह्या भागाला तें लागू पडतें. २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत कल्याण मतदारसंघांतील जेमतेम निम्म्या मतदारांनीं मत दिलें. उरलेले निम्मे काय सगळे आळशी होते? तसें म्हणतां येणार नाहीं. कोणाचें नांव यादींत नसतें, कोणी भाड्याचें घर बदललेलें असतें, कोणाचें पोट रजा देत नाहीं. तरीहि सुशिक्षित घरांतील किती माणसें केवळ 'काय उपयोग?' एवढ्या दोन शब्दांवर घरीं बसलीं, हें ज्याचें त्यानें आपल्या घरापुरतें मोजून पाहावें.

परदेशस्थाला आतां स्वतःचा हक्क आठवतो, आणि येथें त्याची खरी अडचण सुरू होते. जो हिंदी नागरिक परदेशीं राहतो पण ज्यानें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलेलें नाहीं, त्याला २०१० च्या कायद्यानें आपल्या गांवच्या यादींत नांव घालतां येतें. मात्र मत देण्यासाठीं त्याला स्वतः येथें यावें लागतें. ज्यानें दुसरें नागरिकत्व घेतलें, त्याला तेवढेंहि नाहीं. ह्या गृहस्थापाशीं 'ओव्हरसीज सिटिझन' असें छापलेलें कार्ड आहे. त्याच्या नांवांत नागरिक हा शब्द आहे. त्याच्या बळावर जन्मभर येतां-जातां येतें, राहतें घर विकत घेतां येतें. पण शेतजमीन विकत घेतां येत नाहीं आणि मत देतां येत नाहीं. कायद्यानें त्याच्या प्रेमाला दार उघडें ठेवलें आहे. निर्णयाचें दार मात्र, त्यानें दुसरीकडे शपथ घेतली त्या दिवशीं, बंद झालें आहे. ह्यांत अन्याय असा नाहीं. ज्याला परिणाम भोगावयाचे, त्यानें निवड करावी, हा सरळ व्यवहार आहे.

तथापि एका ठिकाणीं त्याचें मत शिल्लक असतें, आणि तें त्याच्या ध्यानींहि नसतें. आईमागें घर त्याच्या नांवावर झालेलें आहे. म्हणून तो त्या इमारतीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद आहे. इमारत जुनी झाली. गच्ची गळते, खांबांतील लोखंड दिसूं लागलें आहे. ती पाडून नवी बांधावी, असा ठराव संस्थेपुढें आहे. त्यासाठीं निम्म्याहून अधिक सभासदांची संमति लागते. सभासद सोळा, त्यांतील पांच परगांवीं किंवा परदेशीं. येथें राहणाऱ्या अकरांपैकीं आठांनीं होकार दिला आहे. नववा होकार मिळत नाहीं म्हणून दोन वर्षें काम अडून आहे. परदेशांत त्याला पत्रें गेलीं होतीं. त्यानें 'विचार करून कळवितों' असें उत्तर पाठविलें आणि नंतर कळविलें नाहीं.

कां कळविलें नाहीं, हें त्यालाच ठाऊक. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आईनें दर वाढदिवसाला त्याची उंची मोजून पेन्सिलीनें रेघा ओढल्या आहेत. खिडकीपाशीं तिची बसावयाची जागा आहे. महिन्याला संस्थेचे पैसे भरले कीं हें सगळें जागच्या जागीं राहतें, अशी त्यानें मनाची सोय करून घेतली होती. त्याच जिन्यानें काकांच्या पत्नीला दवाखान्यांत नेण्यासाठीं दोनदां खुर्चीवर बसवून उतरवावें लागलें, हें त्याला कोणी लिहिलें नव्हतें. तेव्हां काका दुसऱ्या मजल्यावर राहत असत. त्यासाठींच तें घर भाड्यानें देऊन ते तळमजल्यावर आले. ही हकीकत ते अगदीं सहज सांगून जातात. दोष देत नाहींत.

त्या रात्रीं परदेशस्थाला झोंप येत नाहीं. शहराविषयीं त्यानें दिलेलें प्रत्येक मत योग्य होतें, आणि जें एक मत खरोखर त्याच्या हातीं होतें तें त्यानें दोन वर्षें दाबून ठेवलें होतें. लोणावळ्यास गेलेल्या तरुणांत आणि आपणांत फरक कोणता, असा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो.

सकाळीं तो होकार देऊन टाकूं शकला असता, आणि पुष्कळजण तेवढ्यावरच थांबतात. पण ६५ इमारतींची गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढें असते. डोळे झांकून दिलेलें मत हें न दिलेल्या मताहून फारसें बरें नाहीं. त्या इमारतींच्या कामांत बनावट परवानगी दाखवून महारेराचा नोंदणी-क्रमांकहि मिळविलेला होता. म्हणून केवळ क्रमांक पाहून भागत नाहीं. ती परवानगी पालिकेच्या नगररचना विभागानें खरोखरच दिली आहे काय, जमिनीची मालकी निर्वेध आहे काय, करारांत भाड्याची आणि विलंबाची तरतूद कशी आहे, हें एकेक कागद घेऊन तपासावें लागतें. येथें राहणाऱ्या आठजणांना नोकरी सोडून त्यासाठीं हेलपाटे घालतां येत नव्हते. परदेशस्थाकडे तीन आठवडे होते आणि आयुष्यभर चुका शोधण्याचेंच काम केलेली दृष्टि होती.

नातलगांकडील जेवणावळी कमी करून तो कल्याणला पालिकेच्या कचेरींत जाऊं लागतो. वकिलाकडे जातो, वास्तुविशारदाकडे जातो. एक कागद मिळेना, तेव्हां प्रभागांतून नुकत्याच निवडून आलेल्या नगरसेवकांपैकीं एका बाईंकडे जावयाचें ठरतें. तेथें हाच बोलूं लागणार, तोंच काका त्याला थांबवितात. "बोलेन मी, मत माझें आहे. तूं कागद धर." बाई सगळें ऐकून घेतात आणि अर्जाचा क्रमांक लिहून घेतात. कागद लगेच मिळतो असें नाहीं. दोन खेपा आणखी पडतात. पण पांच वर्षांनंतर प्रथमच, विचारावयाला एक दार आणि उत्तर द्यावयाला एक माणूस असतें. निवडणुकीनें शहर एका रात्रींत बदलत नाहीं. तिनें मिळतें तें एवढेंच, आणि तें थोडें नाहीं.

महिन्याच्या अखेरीस संस्थेची सभा भरते. काय तपासलें आणि काय तपासावयाचें राहिलें, हें परदेशस्थ साध्या शब्दांत सांगतो, करारांत दोन अटी घालावयास सुचवितो आणि होकाराची सही करतो. ज्या तिघांचा विरोध होता, त्यांपैकीं दोघे अटी ऐकून संमति देतात. एक देत नाहींत, आणि त्यांचें म्हणणें इतिवृत्तांत लिहून घेतलें जातें. हेंहि योग्यच आहे.

ह्या कल्पित गृहस्थाच्या कथेंत मोठें असें कांहीं घडत नाहीं. आनंदीबाईंच्या कार्याशेजारीं ती ठेवण्याचाहि हेतु नाहीं. पण परदेशांतून येणाऱ्याला एक गोष्ट तीवरून दिसावी. येथील माणसें ज्याला संवयीनें पाहीनाशीं झालीं, तें त्याला दिसतें. ह्या ताज्या दृष्टीचा उपयोग आहे. मात्र ती दृष्टि घेऊन त्यानें येथल्यांना नांवें न ठेवतां, थोडे दिवस त्यांच्या रांगेंत उभें राहावें. कागद धरावा, बोलूं त्यांना द्यावें. आणि जे येथेंच आहेत, ज्यांच्या घरापासून मतदानाचें केंद्र दहा मिनिटांच्या वाटेवर आहे, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं जो हक्क त्यांना जड वाटतो, त्याच्यावांचून एक मनुष्य आपल्या जन्मगांवीं पाहुणा होऊन हिंडत आहे.

निघावयाच्या दिवशीं परदेशस्थ चौकटीवरच्या रेघांचें छायाचित्र घेतो आणि किल्ली काकांच्या हातीं देतो. काका म्हणतात, "नवी इमारत व्हावयास तीन वर्षें लागतील म्हणतात. आमच्या नशिबीं लिफ्ट आहे कीं नाहीं, देव जाणे. तूं मात्र मध्यें एकदां येऊन जा. कागद अजून संपलेले नाहींत."